बेटावर जायला फोटो कशाला

'माणसानं मरायच्या आधी एकदा तरी समुद्र ओलांडून बेटावर गेलंच पाहिजे. त्याशिवाय जन्माला अर्थ नाही,' असं नानासाहेब गावंडे यांनी टी.व्ही. सेंटरच्या चौकात, चहाच्या टपरीपुढं उभं राहून जाहीर केलं.

ज्यांनी हे जाहीर केलं त्यांना पोहता येत नव्हतं. दवाखान्याच्या लिफ्टमध्येसुद्धा ते डोळे मिटून, मुलाचा दंड घट्ट धरून उभे राहायचे. तेव्हा विमानाचं नाव न काढलेलंच बरं. आणि त्या घडीला त्यांच्या डाव्या पायात स्वतःची चप्पल होती नि उजव्या पायात बायकोची. मंडळींनी आधी चपलांकडं पाहिलं, मग एकमेकांकडं. नानासाहेबांबरोबर एकाच खात्यात केस पांढरे केलेले कारभारी म्हणाले, समुद्राचं नंतर बघू, आधी घरी जाऊन जोड तेवढा जुळवून या.

सगळे हसले, नानासाहेबही हसले. चपला अशा का झाल्या ते मात्र त्यांनी सांगितलं नाही. बायकोला, सारजाबाईंना, सकाळी सकाळी मोठी उलटी झाली होती, आणि ते पायात येईल ते घालून मेडिकलवर धावले होते. गोळ्या खिशात होत्या. घर हाकेवर होतं. पण लगेच आत शिरायचा धीर होईना म्हणून ते चौकात थांबले होते, आणि थांबल्यावर काहीतरी बोलायला पाहिजे म्हणून बोलले होते. बोलताना 'मरायच्या आधी' हे शब्द आपल्या तोंडून गेले हे त्यांच्या ध्यानात आलं ते चहाचा घोट घेतल्यावर. मग तो चहा काही संपला नाही.

नानासाहेबांची सगळी नोकरी जायकवाडी धरणाच्या पाण्याची पातळी वाचण्यात गेली. पट्टीवरचा आकडा बघायचा, वहीत मांडायचा, फोनवर वर कळवायचा. पाणी सोडायचं की नाही ते मोठे साहेब ठरवायचे. पण आपण आकडा कळवल्याशिवाय साहेब काय सोडणार, असा नानासाहेबांचा हिशेब होता, म्हणून ते घरी येऊन 'आज मी पाणी सोडलं' असंच सांगायचे. 'माझं धरण' म्हणायचे. सारजाबाईंनी हे इतक्या वर्षांत इतक्या वेळा ऐकलं होतं की त्यांच्या मनात धरण आणि नवरा यांत फारसा फरक उरला नव्हता. दोन्ही मोठी, दोन्ही भरलेली, आणि दोन्हींचा घरात उपयोग कमी.

धरण भरलं की नानासाहेब गल्लीत पेढे वाटत, जणू ढग त्यांनीच पाठवले. पाव्हणा आला की त्याला धरण दाखवायला नेत. दुष्काळाच्या साली मात्र कुणालाच नेत नसत. कोरडं धरण लोकांना दाखवणं म्हणजे घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला आंघोळ करताना दाखवण्यासारखं आहे, असं ते म्हणत. अशाच एका कोरड्या साली सारजाबाईंच्या भावाचा, पुंजारामचा, निरोप आला होता की पाणी पार आटलंय, आक्काला घेऊन या, बघण्यासारखं आहे. नानासाहेबांनी तेव्हा हेच उत्तर दिलं होतं. सारजाबाई पुढं काही बोलल्या नव्हत्या. त्या सहसा काही मागतच नसत. लग्नापासून त्यांनी स्वतःहून मागितलेली वस्तू म्हणजे कुकरची शिट्टी, आणि तीसुद्धा जुनी हरवली म्हणून.

ज्या धरणाचं पाणी नानासाहेबांनी जन्मभर वाचलं, ते त्यांच्या स्वतःच्या हडको वसाहतीतल्या नळाला आठ-आठ दिवसांनी यायचं, आणि कधी येईल ते सांगून यायचं नाही. तो कारभार सारजाबाईंचा. नळ आधी घशात खाकरल्यासारखा करायचा, मग वारा सोडायचा, मग पाणी. सारजाबाई त्या खाकरण्यालाच उठायच्या आणि ड्रम, हंडे, बादल्या, पातेली, वेळ पडली तर चहाच्या कपापर्यंत सगळं भरून ठेवायच्या. त्या अंथरुणाला खिळल्यापासून हे काम नानासाहेबांकडं आलं होतं. पैठणचं धरण भरलं की नाही हे त्यांना घरबसल्या कळायचं; ड्रम भरला की नाही हे शेजारी उभं राहूनही कळत नसे.

चौकातल्या त्या घोषणेच्या काही दिवस आधी सारजाबाईंना दवाखान्यात ठेवलं होतं. तिथला डॉक्टर वयानं लहान होता. त्यानं मुलाला, बन्सीला, इंग्रजीत सांगितलं आणि नानासाहेबांना मराठीत. इंग्रजीतलं बरंच लांब होतं. मराठीतलं एवढंच, की आजींना जे आवडतं ते खाऊ घाला, जे हवं ते करू द्या. नानासाहेबांनी विचारलं, दिवाळी? डॉक्टर म्हणाला, होईल की. संक्रांत? तीही होईल, असं तो जरा थांबून म्हणाला. उन्हाळ्याचं विचारल्यावर त्यानं टेबलावरचं पेन उचलून दुसरीकडं ठेवलं.

त्याच दिवशी, सलाईन लावलेलं असताना, नानासाहेबांनी बायकोला विचारलं की तुला काय पाहिजे. असा प्रश्न आपण पूर्वी कधी विचारला होता का हे ते आठवत होते, तेवढ्यात उत्तर आलं. सारजाबाईंचे डोळे मिटलेलेच होते.

"एकदा बेटावर न्या."

"बेटावर?"

"चारी अंगानं पाणी, मधी वाळू, वाळूत झोपडी. वारं असं की पडल्या जागी झोप लागावी." एवढं बोलून त्यांना झोप लागलीसुद्धा.

नानासाहेब थक्क झाले. कारण खाली दवाखान्याच्या बाकावर बसून त्यांनी सकाळभर जो टी.व्ही. पाहिला होता त्यात हेच दाखवत होते. चारी बाजूंना निळं पाणी, पांढरी वाळू, गवताच्या छपराच्या झोपड्या, आणि झुल्यावर पडलेली एक बाई, जिला कशाचीच घाई नव्हती. आपली बायको वर्षानुवर्षं भाजी निवडता निवडता टी.व्ही. बघत होती, तेव्हा तिच्या मनात हे होतं तर, असं त्यांना वाटलं. आणि त्याच तिरीमिरीत त्यांनी ठरवलं की जग इकडचं तिकडं झालं तरी सारजाला बेटावर न्यायचं.

शहागंजात, अत्तराच्या दुकानाच्या वर, एका हाजीसाबांचं लोकांना परगावी धाडायचं ऑफिस होतं. आधी ते फक्त उमऱ्याला, म्हणजे मक्केच्या यात्रेला, माणसं पाठवत. पुढं लोकांना परलोकापेक्षा थायलंड जवळ वाटू लागलं तसं त्यांनी तेही सुरू केलं. नानासाहेबांनी बेट म्हणताच त्यांनी रंगीत चित्रं पुढं मांडली आणि जोडी कोणाची, मुलाची की नातवाची, असं विचारलं. नानासाहेब म्हणाले, माझीच.

हाजीसाबांनी चष्मा काढला. "नानासाब, ये सब हनीमूनवालों के पॅकेजां हैं. पलंग पे फुलां का बदाम बनाते. टॉवेल का बदक बनाके रखते."

नानासाहेब म्हणाले, बदक असू द्या. आम्ही बाजूला सरकवू.

हाजीसाबांनी दोन चहा सांगितले. दुखणं कळल्यावर त्यांचा आवाजच बदलला. विमानात पाय लांब करून बसता येईल अशी जागा बघतो म्हणाले, तिथं चाकाची खुर्ची मिळते म्हणाले, डॉक्टरची चिठ्ठी मात्र लागेल. आणि देश परका असल्यानं आधी दोघांचे पासपोर्ट. त्यासाठी फोटो.

इथून पुढं त्या घरात नवराबायकोच्या जितक्या गप्पा झाल्या तितक्या लग्नानंतरच्या सगळ्या वर्षांत झाल्या नसतील. आणि प्रत्येक प्रश्नाचं उत्तर अगदी चपखल बसायचं. सारजाबाई विचारायच्या, साहेब हो म्हणाले का? नानासाहेब म्हणायचे, साहेब चांगला माणूस आहे, चहा पाजला, करतो म्हणाला. किती दिवस लागतील, असं त्या विचारायच्या. कागदपत्रं झाली की मग काय, चार-पाच दिवसांचं काम, असं ते सांगायचे. होडी कोणाची? तिथल्या लोकांची असते, आपल्याला घ्यायला येते. झोपडीत जमिनीवर निजायचं की बाज असती? यावर नानासाहेबांनी बदकाचा विषय टाळून, पलंग असतो, एवढंच सांगितलं. सारजाबाईंना ते पटलं नाही. वाळूत पलंग रुततो म्हणाल्या.

फोटो काढायच्या दिवशी बन्सीनं आईला उचलून रिक्षात ठेवलं. ती इतकी हलकी झाली होती की त्यानं लावलेला जोर वायाच गेला. पडद्यापुढं स्टुलावर बसताना सारजाबाईंनी विचारलं, "बेटावर जायला फोटो कशाला?"

"सरकारी नियम आहे," नानासाहेब म्हणाले.

सारजाबाईंनी मान डोलावली. आता तिथं पक्ष्यांचं अभयारण्य झालंय म्हणतात, त्याची परवानगी लागत असंल, असं त्या पुटपुटल्या. नानासाहेबांना वाटलं, बाईला टी.व्ही.वरचं किती लक्षात राहतं. फोटोवाल्यानं हनुवटी वर करायला सांगितली. सारजाबाईंनी पदर डोक्यावर नीट घेतला आणि लग्नातल्या फोटोत जितक्या गंभीर दिसत होत्या तितक्याच गंभीरपणे कॅमेऱ्याकडं पाहिलं.

दिवाळी उलटून गेल्यावर पुंजाराम बहिणीला भेटायला आला. गंगापूरहून जीपमध्ये दाटीवाटीनं बसून, मांडीवर बोरांची पिशवी सांभाळत. तो खाली बसायच्या आधीच सारजाबाईंनी त्याला बातमी दिली.

"पुंजा, दाजी मला बेटावर नेणार हायेत. फोटू बी झाला काढून."

"कोणत्या बेटावर, आक्का?"

"आपल्या. दुसरं कोणतं हाय?"

नानासाहेब पाण्याचा तांब्या घेऊन येत होते, ते दारातच थांबले.

पुंजारामनं बोरांची पिशवी खाली ठेवली, पुन्हा उचलली, पुन्हा ठेवली. मग अगदी हळू म्हणाला, "आक्का, औंदा धरण काठोकाठ हाय. बेटावर तीन पुरुष खोल पाणी हाय."

"मला ठावं हाय की. म्हणून तर हे इतके दिवस सायबाच्या मागं लागलेत. थोडं पाणी सोडलं की बेट उघडं पडंल. धरण ह्यांचंच हाय, ह्यांना कोण नाय म्हणतंय."

मग सगळं उलगडलं. सारजाबाईंचं माहेर जुनी धानोरी, गंगापूरकडची, गोदावरीच्या काठची. गावाखाली नदी दोन फाट्यांत वाटली जायची आणि मधी वाळूचा लांबोळा उंचवटा राहायचा. त्याला गाव बेट म्हणायचं. संक्रांत झाली की सारजाबाईंचे वडील तिथं टरबुजं, काकड्या लावायचे, आणि कोल्ह्यांपासून राखण करायला तुराट्यांची झोपडी घालायचे. उन्हाळाभर त्या झोपडीत लहानगा पुंजाराम आणि परकरातली सारजा. पुढं धरण आलं. गाव उठून माळावर गेलं, त्याची नवी धानोरी झाली, आणि लग्न लागलं ते त्या नव्या गावातल्या पत्र्यांपुढं. सासऱ्यांनी हिशेब सरळ केला होता: गाव गेलं ते गेलं, निदान जावई तरी त्याच खात्यातला करावा. नानासाहेब मूळचे चितेगावचे. तिथं नदी नाही. जुन्या धानोरीची ओळख त्यांना बुडीत क्षेत्राच्या नकाशात, एका निळ्या पट्ट्याखाली झाली होती. त्या नकाशात बेट नव्हतं. दर उन्हाळ्यात पाणी ओसरलं की ते वर येतं, पुंजाराम तिथं गाळात अजूनही चार वेल लावतो, हे घरात कुणी तरी कधी तरी बोललं असणार. नानासाहेब तेव्हा पेपरात पातळी वाचत असणार.

नानासाहेबांनी तांब्या खाली ठेवला आणि मोबाइल काढून त्यातला बेटाचा फोटो बायकोपुढं धरला. आपण हे बेट म्हणत होतो, असं ते म्हणाले. हिंदी महासागरातलं.

सारजाबाईंनी मोबाइल डोळ्यांपासून लांब धरून बराच वेळ पाहिला.

"ही झोपडी कशाची हाय?"

"लाकडाची."

"टरबुजं कुठं लावत्यात?"

"तिथं लावत नाहीत."

"मग झोपडी कशाला? राखण कशाची करायची?"

याचं उत्तर हाजीसाबांच्या रंगीत चित्रांत नव्हतं. पुंजारामला आधी हसू आलं, मग त्यानं पागोट्याच्या शेमल्यानं तोंड पुसलं आणि ते पुसणं बराच वेळ चाललं. सारजाबाईंनी मोबाइल नवऱ्याला परत दिला, आणि लांब असंल ते, तुम्हाला विमानात गरगरलं असतं, असं म्हणून बोरं निवडायला घेतली.

दुसऱ्या दिवशी नानासाहेबांनी कारभाऱ्यांना सोबत घेऊन पैठण गाठलं. धरणावर आता नवा तरुण साहेब होता. जुनी माणसं म्हणून त्यानं उठून खुर्ची दिली. नानासाहेबांनी खाकरून विचारलं की थोडं पाणी सोडता येईल का. साहेबाला वाटलं, शेतीच्या पाण्याचं आवर्तन हवंय; तो म्हणाला, गावाच्या पाणीवापर संस्थेकडून अर्ज येऊ द्या. नानासाहेब म्हणाले, शेतीसाठी नाही. मग कारखान्यांसाठी? तेही नाही. पिण्यासाठी? नाही.

"मग कशासाठी, काका?"

"जरा घरचं काम होतं," नानासाहेब म्हणाले.

तरुण साहेबानं त्यांच्याकडं पाहिलं, मग खिडकीबाहेर क्षितिजापर्यंत पसरलेल्या पाण्याकडं पाहिलं. त्याला काहीच कळलं नाही, तरी तो हसला नाही. ही त्याची भलाई नानासाहेब पुढं कितीतरी दिवस सांगत होते. परतताना ते धरणाच्या भिंतीवर पातळीच्या पट्टीपाशी उभे राहिले. पाणी तिला अगदी वरपर्यंत चिकटलेलं होतं. असं पाणी दिसलं की पूर्वी त्यांची छाती फुगायची. कारभारी सवयीनं म्हणाले, काय भरलंय बघा यंदा, मन भरून आलं. नानासाहेब म्हणाले, जरा जास्तच भरलंय. जन्मात पहिल्यांदा त्यांच्या तोंडून असं काही निघालं होतं. पैठण ते संभाजीनगर एस.टी.त दोघंही खिडकीबाहेर बघत राहिले.

संक्रांतीच्या आसपास सारजाबाईंना जरा हुशारी वाटली. बन्सीनं गाडी काढली, मागच्या सीटवर गादी टाकली, आणि तिघं नव्या धानोरीला गेले. वाटेत नानासाहेबांनी शहागंजात गाडी थांबवून टरबूज घेतलं होतं. ते टरबुजाचे दिवस नव्हते. टरबूज तेवढं होतं. कुठून आलं ते विकणाऱ्यालाही सांगता येत नव्हतं.

पुंजारामनं प्लॅस्टिकची खुर्ची पाण्याच्या काठाशी नेऊन ठेवली आणि सारजाबाईंना तीत बसवलं. पुढं पाणीच पाणी. पलीकडचा काठ दिसत नव्हता. वारा सुटला होता आणि बारीक लाटा काठावर येऊन आपटत होत्या. लांबवर उथळ पाण्यात रोहित पक्षी उभे होते, उंच पायांचे, गुलाबी, लग्नाला येऊन जेवण लांबल्यावर पाव्हणे उभे राहतात तसे.

"कुठंशी हाय रे?" सारजाबाईंनी विचारलं.

पुंजारामनं हात लांब केला. ती पाखरं हायेत ना, त्यांच्या डाव्या अंगाला, जिथं पाणी काळं दिसतंय, तिथं. सारजाबाई डोळ्यांवर हात धरून त्या काळ्या पाण्याकडं बघत राहिल्या. नानासाहेबही बघत राहिले. हे पाणी त्यांनी इतकी वर्षं वाचलं होतं; त्याच्या पोटात काय आहे हे पट्टीवर लिहिलेलं नसतं. त्यांना एकदम त्या कोरड्या सालची आठवण आली. त्या वेळी वाळू उघडी होती, पुंजारामचा निरोप होता, आणि ही चालती-फिरती होती. ते बायकोच्या खुर्चीमागं जाऊन उभे राहिले, म्हणजे तोंड तिला दिसू नये.

"समुद्र असाच असतो व्हय?" सारजाबाईंनी मागं न बघता विचारलं.

"असाच. पण खारट."

"मग ह्यो बरा हाय."

त्यांनी ओंजळ मागितली. बन्सीनं वाकून ओंजळभर पाणी आणलं. आईनं त्याच्याच हातातून घोटभर प्यायलं आणि उरलेलं तोंडावरून फिरवलं. हेच पाणी आपल्या नळाला येतंय ना, असं त्यांनी विचारलं. नानासाहेब म्हणाले, हेच.

"म्हंजी बेटावरूनच येतंय," त्या म्हणाल्या. "आठ दिवसांनी का व्हईना."

मग टरबूज निघालं. पुंजारामनं विळा काढला. पण सारजाबाईंनी त्याला थांबवून टरबूज मांडीवर घेतलं, बोटाच्या पेरानं दोनदा टिचकावलं आणि कान लावला. लहानपणापासूनची सवय, हात अजून विसरला नव्हता. कच्चं हाय, असं म्हणून त्यांनी ते परत दिलं. कापलं तर आत पांढरट गुलाबी, भोपळ्याच्या जातीचं. तरी चौघांनी फोड फोड खाल्ली. सारजाबाईंनी बी थुंकलं ते पाण्याच्या दिशेनं, आणि किती लांब गेलं ते पाहिलं. काठावरच पडलं.

त्या दिवसानंतर त्या पुन्हा घराबाहेर पडल्या नाहीत. जेवण गेलं, मग भाताची पेजही नको झाली. पासपोर्ट पोस्टानं आले. बन्सीनं ते आईला दाखवले. तिनं स्वतःचा फोटो पाहून, पदर नीट आलाय, एवढं म्हटलं. नानासाहेबांनी ते कपाटात साड्यांच्या खाली ठेवले.

आणि नानासाहेब खोटं बोलायला लागले. उभ्या नोकरीत ज्या माणसानं पातळीचा आकडा केसाएवढा चुकवला नव्हता, तो आता रोज सकाळी बायकोच्या उशाशी पेपर उघडून धडधडीत खोटा आकडा वाचायचा. पाणी उतरतंय. आज आणखी उतरलं. कालव्याला सोडलंय, झपाट्यानं उतरतंय. पेपरातलं धरण जागचं हललं नव्हतं. नानासाहेबांच्या तोंडातलं मात्र भराभर आटत होतं. सारजाबाई ऐकायच्या. कधी म्हणायच्या, लई लवकर उतरायलंय औंदा. त्यावर नानासाहेब पेपर तोंडापुढं धरायचे.

एका सकाळी ते म्हणाले, पुंजारामचा फोन होता, बेटाचं टोक दिसायला लागलंय.

सारजाबाईंनी डोळे उघडले. आता त्यांना नजर एका जागी ठेवायलाही कष्ट पडत. त्या नवऱ्याकडं बघत राहिल्या, आणि ते बघणं असं होतं की नानासाहेबांना कळलं, हिला सगळं माहीत आहे, बहुतेक पहिल्या दिवसापासून. पुंजारामचे फोन हिच्याच उशाखालच्या मोबाइलवर येतात हे आपण कसं विसरलो.

तरी ते थांबले नाहीत. आता थांबता येत नव्हतं. पेपर बाजूला टाकून त्यांनी तिचा हात दोन्ही हातांत घेतला आणि बोलत सुटले. वाळू कोरडी झाली की पहिल्याच दिवशी आपण जायचं. होडीबिडी नको, मी तुला खांद्यावर घेऊन जाईन, मला पोहता येत नसलं तरी चालत जाण्याइतकंच पाणी असेल. झोपडी तुराट्यांचीच घालायची, बाजेवर तू, खाली मी. पुंजारामला बी टाकायला सांगितलंय. रात्री कोल्हे आले तर मी उठेन, तू उठायचं नाही. तू आता कशालाच उठायचं नाही. मी सगळी राखण करीन, सारजा, तू फक्त तेवढे दिवस थांब. जन्मात त्यांनी बायकोला नावानं हाक मारली नव्हती. ती आता तोंडातून गेली आणि त्यांनी डोकं तिच्या अंथरुणाच्या कडेला टेकवलं. त्यांचे खांदे हलत होते. सारजाबाईंनी आपला हात त्यांच्या हातातून हळूच सोडवून घेतला, त्यांच्या डोक्यावर ठेवला, आणि तो तसाच राहू दिला.

मोरीत नळ खाकरला. मग त्यानं वारा सोडला.

सारजाबाईंनी मान जराशी तिकडं वळवली.

"ते ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या. "नळ आला. आधी पाणी भरा, अन् ह्या खेपंला ड्रम पुरा भरा."